चिठ्ठीवरची नावं

टेलरबाईंच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव कधी लिहिलं जात नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे दोन खिडक्या, खिडक्यांखाली दोन शिलाई मशिनं, मधोमध कापडं बेतायचं लांब टेबल, आणि कोपऱ्यात पडद्याआड माणसाच्या उंचीचा आरसा. माप घेऊन झालं की बाई वहीच्या कागदाची चार बोटं रुंद चिठ्ठी फाडत, तिच्यावर आकडे लिहीत, आणि जिथे नाव यायचं तिथे त्या माणसाच्या अंगाची खोट लिहीत. एकाच शब्दात. 'ढेरी'. 'पोक'. 'बसकी'. 'लांबहात्या'. ही चिठ्ठी टाचणीने कापडाला लागे आणि कापड जाईल तिथे जाई: टेबलावर, मशिनवर, काज करायला, बटणं लावायला. शेवटच्या इस्त्रीच्या आधी ती काढून भिंतीवरच्या तारेत ओवायची. एकतीस वर्षांच्या चिठ्ठ्या त्या तारांवर होत्या. जुन्या पिवळ्या, नव्या पांढऱ्या, वर्षाला एक तार.

ही पद्धत बाईंना त्यांच्या मास्तरांकडून आली होती. सतराव्या वर्षी त्या पुरुषांचे कोट शिवणाऱ्या एका दुकानात शिकायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात एका गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा मास्तरांनी ती चिठ्ठी चुरगळून टाकली होती. "नाव घेऊन कात्री काय करणार आहे? कुठे जास्त, कुठे कमी, तेवढं लिही." आणि मग डोळे वटारून, "पण जे लिहिशील ते तोंडात नाही आलं पाहिजे. कधीच."

ते बाईंच्या तोंडात कधीच आलं नाही. चिठ्ठीवर 'ढेरी' असलेल्या टपाल कचेरीतल्या साहेबांना त्या म्हणत, "कमरेला जरा सैल ठेवते, दिवसभर खुर्चीत बसायचं असतं तुम्हाला." 'पोक' असलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना म्हणत, "तुमची मान उंच आहे ना, म्हणून मागून थोडी जास्त लांबी धरते." मुख्याध्यापिकाबाई खूश होत. आपली मान उंच आहे हे त्यांना सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं होतं.

दुकानात बाईंच्या हाताखाली त्यांची नणंद होती. नवऱ्याची थोरली बहीण, वयाने सहा वर्षांनी मोठी, दोघीही विधवा, एकाच घरात. काज, कडांची हातशिलाई, बटणं, इस्त्री आणि बडबड ही नणंदेची खाती.

"वहिनी, माझ्या चिठ्ठीवर काय लिहितेस गं?" तिने एकदा विचारलं होतं.

"बडबडी."

"ते कुठलं माप झालं?"

"त्याला माप नाही, वन्सं. म्हणूनच तर लिहिते."

नणंद हसून हसून इतकी बेजार झाली की तिला सुई खाली ठेवावी लागली.

तर अशा या दुकानातली एक चिठ्ठी चुकीच्या ठिकाणी गेली, त्या तीन-चार दिवसांची ही हकिकत.

बुधवारी संध्याकाळी साडेपाचला बाई दिवसभराच्या चिठ्ठ्या तारेत ओवायला बसल्या. सहा कपडे गेले होते, चिठ्ठ्या पाच होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या. 'ढेरी' होती. 'बसकी' होती, दोन कपड्यांच्या दोन. एका बँकवाल्याची होती, एका नर्सबाईंची होती. 'वाकडी' नव्हती.

"वन्सं, त्या तपकिरी कोटाची चिठ्ठी कुठे ठेवलीत?"

नणंदेने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना बाईंना दिसला, आणि उत्तराची गरजच उरली नाही.

"अगं, मी इस्त्री करत होते आणि तेवढ्यात त्या नर्सबाई आल्या, त्यांच्या जावयाचं सांगत बसल्या... आणि ती कोटवाली मुलगी दारात उभी, तिला घाई होती. मी आपला कोट पिशवीत घातला आणि..."

"आतून अस्तराला टाचलेली होती. डाव्या मुंढ्यात."

"मग नाही दिसायची तिला," नणंद म्हणाली. पण म्हणताना ती बाईंकडे बघत नव्हती.

दिसणार होती. बाही घालताना हात तिथूनच जातो. आणि उद्या सकाळी दहाला त्या मुलीची औषधांच्या प्रयोगशाळेत मुलाखत होती. पहिली नोकरी, त्यासाठीच तर कोट शिवला होता.

मुलगी एकोणीस वर्षांची. बोलायला मऊ, नजर खाली, हसली की तोंडावर हात धरायची. पंधराव्या वर्षी शाळेचा कोट शिवायला आईबरोबर पहिल्यांदा आली. आई एका वाचनालयात कामाला होती, कडक आणि टापटीप. पडद्याआड मुलगी कपडे बदलत असताना आईने बाईंच्या कानाशी येऊन सांगितलं होतं, "तिचा एक खांदा जरा... तुमच्या लक्षात येईलच. तिच्याशी त्याबद्दल बोलू नका हं, फार मनाला लावून घेते. झाकून द्या." बाईंनी मान हलवली. झाकणं हाच तर त्यांचा धंदा होता. डाव्या खांद्यात त्यांनी पॅड बसवलं, पाठीला आतून दुहेरी कापड घेतलं, आणि कोट घातल्यावर मुलगी आरशात सरळ दिसली. त्यानंतर आणखी दोनदा ती आली. दर वेळी पॅड थोडं जाड लागलं, दर वेळी बाईंनी ते बेमालूम बसवलं. आता चौथ्यांदा. आणि चिठ्ठीवर बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं:

'वाकडी. डावा खांदा दीड इंच खाली. उजवीकडे पाठीला फुगवटा. लपवणे.'

बाईंनी चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"काज सैल राहिलंय म्हणून सांगते. कोट हातात आला की झालं."

"मी येऊ?"

"नको, वन्सं. तुम्ही आलात तर सगळी गल्ली येईल."

एरवी या बोलण्यावर नणंदेने चार वाक्यं ऐकवली असती. आज ती नुसती इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिली.

मुलीचं घर दहा मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. बाई वाटेत भराभर चालत होत्या आणि जिथे तिथे लोकांचे खांदे बघत होत्या. ही त्यांची जुनी खोड. फळवाला, बसच्या रांगेतली बाई, शिक्षक वाटणारा एक माणूस: बसके खांदे, उतरता खांदा, एक हात लांब. प्रत्येकाची चिठ्ठी डोक्यात आपोआप लिहिली जायची. आज त्यांना तिचा वीट आला. त्या न थांबता जिना चढू लागल्या. एकोणीस वर्षांची पोर, उद्या चार परक्या माणसांसमोर बसणार, आणि आज रात्री तिच्या हातात काय पडणार, तर 'वाकडी'.

दार आईने उघडलं. "बाई! तुम्ही? आणि या वेळी?"

"कोटाचं एक काज सैल राहिलंय असं वाटलं, ताई. उद्या ऐन वेळी बटण सुटायला नको."

"किती हो काळजी तुम्हाला! या, या. कोट तिच्या खोलीत आहे, दारामागे." आई बोलत बोलत पुढे झाली. "काय सरळ दिसते हो त्यात! मी म्हटलं, बघ, जरा मनावर घेतलंस तर कशी दिसतेस. नाहीतर एरवी पोक काढून बसायचं. सांगून सांगून जीभ झिजली माझी. ताठ बस, ताठ बस. नुसती गबाळी आहे. आळस, दुसरं काय."

बाईंनी दारामागचा कोट खाली घेतला आणि काज बघितल्यासारखं करून डाव्या मुंढ्यात बोटं घातली. टाचणी लागली. टाचणीखाली कागदाचा नखाएवढा फाटका कोपरा लागला. बाकी काही नव्हतं.

"काय झालं, मावशी?"

मुलगी खोलीच्या दारात उभी होती. हातात पुस्तक. चेहऱ्यावर काही नाही, रागही नाही, रडल्याची खूणही नाही.

"काही नाही गं. काज बघत होते."

"काज चांगलं आहे," मुलगी म्हणाली, आणि आईच्या देखत एवढंच म्हणून बाजूला झाली.

बाई घरी आल्या तेव्हा नणंदेने चहा करून झाकून ठेवला होता. तो कोणीच प्यायलं नाही.

"वाचलीय तिने," बाई म्हणाल्या.

"आईला दाखवली?"

"नाही. आईला दाखवली असती तर मी अशी सुखासुखी जिना उतरून आले नसते."

नणंदेने चहावरचं झाकण काढलं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाली, "असं म्हणू या का, की ती दुसऱ्या कुणाची चिठ्ठी होती? किंवा वाकडी म्हणजे शिवण वाकडी. मी म्हणेन हवं तर. चूक माझीच आहे ना?"

बाईंनी त्या वाक्याला नाही म्हटलं नाही. उलट अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ते मनात चार वेळा बोलून पाहिलं. 'अगं, ते शिवणीबद्दल लिहिलंय.' सहज, हसत. एकतीस वर्षं त्या दुसऱ्यांच्या अंगाबद्दल सहज हसत खोटं बोलत आल्या होत्या, हे काय जड होतं? पण दर वेळी वाक्याच्या शेवटी त्यांच्या डोळ्यांसमोर तो कागदाचा फाटका कोपरा यायचा.

गुरुवारी सकाळचे दहा वाजले. अकरा वाजले. मुलाखत संपली असेल, नसेल. एका गिऱ्हाइकाचं बाईंनी माप घेतलं, लिहिलं आणि चिठ्ठीवर वरची जागा कोरीच ठेवली. नणंदेने ते बघितलं. बाराला बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

तीन वाजता मुलगी आली. अंगात तोच तपकिरी कोट. दारातून आत येताना ती खरंच सरळ दिसत होती.

"मुलाखत बरी झाली," ती विचारायच्या आधीच म्हणाली. "तिथल्या बाई म्हणाल्या, कोट छान आहे." मग खिशातून चिठ्ठी काढून तिने टेबलावर ठेवली. घडी पडू नये म्हणून ती पुस्तकात ठेवली असावी, इतकी सपाट होती.

नणंद उठू लागली. "मी जरा आत..."

"बसा ना, काकू. तुम्हालाही माहीतच असेल."

नणंद पुन्हा खाली बसली.

"अगं, ते..." बाई म्हणाल्या. वाक्य तयार होतं. "ते शिवणीबद्दल असतं. आमच्यात शिवण वाकडी गेली की..."

"मावशी, शिवणीला डावा खांदा असतो?"

रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटा वाजली. मग बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "नाही. ते तुझ्याबद्दल आहे. सगळ्यांबद्दल असंच लिहिते मी. चुकलं माझं, पोरी. ते तुझ्या हातात पडायला नको होतं."

"म्हणजे लिहिलं ते चुकलं नाही, माझ्या हातात पडलं ते चुकलं?"

बाईंनी चिठ्ठी उचलायला हात पुढे केला.

मुलीने चिठ्ठी आपल्याकडे फिरवली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. बाईंना वाटलं, आता ती 'वाकडी' म्हणणार. पण बोट आकड्यावर होतं.

"दीड इंच. हे मोजता येतं?"

"येतं. मागे मानेखालच्या हाडापासून आणि खाली कमरेपासून, दोन्ही बाजूंनी टेप लावायची."

"मला कुणी कधी सांगितलं नाही की हे मोजता येतं. घरी आई म्हणते आळस. शाळेत म्हणायचे वेंधळी. दोन वर्षं झाली, मी रोज सकाळी वीस मिनिटं भिंतीला पाठ लावून उभी राहते. डावी बाजू टेकतच नाही. मला वाटायचं, मन लागत नाही म्हणून टेकत नाही." ती एकदम थांबली. "मागच्या वेळी किती होतं?"

कालपासून बाई एका शब्दाला भीत होत्या. या प्रश्नाला भ्यायचं त्यांना सुचलंच नव्हतं.

त्या उठल्या. गेल्या वर्षीची तार काढली, त्याच्या आधीची, थेट चार वर्षांपूर्वीची. चिठ्ठ्या शोधायला त्यांना वेळ लागला नाही, कारण प्रत्येकीवर शब्द तोच होता. तारीख टाकायची त्यांना सवय होती. चार चिठ्ठ्या त्यांनी टेबलावर एकीखाली एक लावल्या आणि त्या लावत असतानाच त्यांनी स्वतःही त्या पहिल्यांदा एकत्र वाचल्या.

अर्धा इंच. पाऊण. सव्वा. दीड.

"वाढतंय," मुलगी म्हणाली.

"हो."

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसत होतं म्हणजे... नवा कोट बेतताना मी मागची चिठ्ठी बघायची. पॅड किती जाड घ्यायचं ते कळायला. तेवढंच बघायची." बाईंना आपलाच आवाज दुसऱ्याचा वाटला. "तुझ्या आईने सांगितलं होतं, बोलू नका. आणि आमच्या धंद्यात बोलायचं नसतंच."

मुलीने कोट काढला, उलटा केला, आतलं पॅड, दुहेरी कापड, बारीक टाके, सगळं बोटांनी चाचपून बघितलं. "किती छान केलंय," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, हीच बाईंना सगळ्यात मोठी शिक्षा वाटली. "इतकं छान केलंय की वाढतंय ते आईलाही दिसलं नाही. मलाही नाही."

नणंद पदराने डोळे टिपत होती.

"मावशी, आईला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर म्हणेल, आळसाला नवं निमित्त सापडलं."

बाईंना नाही म्हणायचं होतं. वाचनालयातली ती बाई, तिचा आवाज, तिचं 'झाकून द्या'. शिवाय एकदा ही गोष्ट बाहेर गेली की बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या चिठ्ठ्या बघायला मागणार, हेही मनात येऊन गेलं. येऊन गेलं ते खरं. पण चार चिठ्ठ्या टेबलावर होत्या आणि आकडा थांबलेला नव्हता.

"चल," त्या म्हणाल्या.

आईने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. चिठ्ठ्या हातात घेतल्या, चष्मा शोधला, वाचल्या. 'वाकडी' हा शब्द तिने चार वेळा वाचला असणार. मग ती आधी मुलीवर उखडली, की तू काही दुखतंय म्हणून बोलली का नाहीस. मग बाईंवर. "तुम्हाला चार वर्षं माहीत होतं? आणि तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तुम्ही झाकायला सांगितलं होतं, ताई."

"मी खांदा झाकायला सांगितला होता! वाढतोय ते झाकायला सांगितलं होतं का?"

बाईंनी खाली पडलेली एक चिठ्ठी उचलून तिच्यापुढे धरली. 

शनिवारी सकाळी त्या तिघी इस्पितळात हाडांच्या विभागाबाहेर बाकावर बसल्या होत्या. आईने बाईंना बोलावलं नव्हतं. डॉक्टर विचारतील तेव्हा मापं कशी घेतली ते मावशीच सांगू शकतील, असं म्हणून मुलीने बोलावलं होतं. आई बाकाच्या एका टोकाला, बाई दुसऱ्या टोकाला, मुलगी मधे. समोरच्या भिंतीवर माणसाच्या सांगाड्याचं चित्र टांगलेलं होतं. बाईंनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

आत डॉक्टरांनी मुलीला पुढे वाकायला सांगितलं, पाठीवरून हात फिरवला, एक्स-रे फोटो काढायचं लिहून दिलं. चिठ्ठ्या त्यांनी बराच वेळ वाचल्या. वरच्या शब्दावर त्यांची नजर अडखळलेली बाईंना दिसली. "हे कोणी मोजलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

"तारखा आहेत हे बरं झालं." एवढं म्हणून त्यांनी कागद फाइलला लावले. बाईंना त्यांनी दोष दिला असता तर बरं वाटलं असतं.

"पाठीचा कणा आज किती वळलाय ते फोटोत दिसेल," डॉक्टर आईला म्हणाले. "पण ही लवकर आली असती तर पट्टा लावून थांबवता आलं असतं. आता वाढ थांबली आहे की अजून चालू आहे, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कदाचित नुसतं लक्ष ठेवावं लागेल. कदाचित शस्त्रक्रिया. आत्ताच मी सांगणार नाही."

बाहेर आल्यावर मुलगी फोटोच्या खोलीत गेली. दार लोटलं गेलं, वरचा लाल दिवा लागला. आता बाकावर दोघीच उरल्या, मधे मुलीची रिकामी जागा आणि तिचा तपकिरी कोट, घडी केलेला.

आई समोर बघत होती. हातातल्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. अर्धा तास गेला असेल. मग बाईंकडे न वळताच ती म्हणाली, "दीड इंच म्हणजे... तुम्ही इतकी माणसं मोजलीत. पुष्कळ असतं का?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न बाईंना शंभर वेळा विचारला गेला होता. पोटाबद्दल, पाठीबद्दल, पायांबद्दल. त्यांच्या जिभेवर नेहमीचं गोड उत्तर आलंसुद्धा.

"हो, ताई," त्या म्हणाल्या. "पुष्कळ आहे."

आईने मान हलवली. बंद गुंडाळणं थांबलं. दोघी लाल दिव्याकडे बघत बसून राहिल्या.